विषय: ओकिनावा – हिमेयुरी संग्रहालय एका दिवसात?

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या ओकिनावा बेटावर जातोय, सोबत सासूबाई आणि आठवीतली मुलगी. गाडी नाही. नाहाहून हिमेयुरी शांतता संग्रहालय एका दिवसात होईल का?

---

ताई, होईल. पण सुरुवात हिमेयुरीपासून नको, आधी नाहाजवळच्या हाएबारूला जा.

दुसऱ्या महायुद्धात, ओकिनावाच्या लढाईच्या वेळी, 1945च्या 23 मार्चला दोन शाळांच्या 222 विद्यार्थिनी आणि 18 शिक्षक हाएबारूच्या जपानी लष्करी रुग्णालयात नेमले गेले. हेच ‘हिमेयुरी’ पथक, संग्रहालय त्यांच्याच आठवणीचं. रुग्णालय म्हणजे टेकडीत खोदलेली भुयारं. त्यातलं 20 क्रमांकाचं आज पाहता येतं: सुमारे 70 मीटर लांब, उंची जेमतेम 1.8 मीटर. आरक्षण आधीच करावं लागतं, मार्गदर्शकाशिवाय सोडत नाहीत. हेल्मेट आणि टॉर्च तिथेच मिळतात. सासूबाईंना बंद, अंधाऱ्या जागेचा त्रास होत असेल तर त्यांना आत नेऊ नका. शेजारच्या हाएबारू संस्कृती केंद्रात भुयाराची प्रतिकृती आहे, तेवढी पुरे.

हे पाहिलं की हिमेयुरीतला मजकूर नीट उमगतो. मुली पाणी आणायच्या, प्रेतं पुरायच्या, जखमी सैनिकांचे हातपाय कापताना मेणबत्ती धरायच्या. वाट्याला येणारा भाताचा गोळा आक्रसत टेबलटेनिसच्या चेंडूएवढा झाला. मे अखेरीस सगळ्यांना दक्षिणेकडे हलवलं आणि 18 जूनला, लढाई ऐन भरात असताना, ‘आता तुमचं तुम्ही बघा’ असा लष्कराचा हुकूम आला. या 240 जणांपैकी 136 गेले, त्यातले बहुतेक त्या हुकुमानंतर. माझ्या मते संग्रहालयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. चौथ्या दालनात प्रत्येकीचा फोटो आहे, खाली ती कशी गेली ते लिहिलंय. तिथे घाई करू नका. दीड तास तरी हवाच.

हाएबारूला नाहाहून टॅक्सी करा. परत येऊन नाहा बस टर्मिनलवरून 89 ने इतोमान, तिथून 82 ने ‘हिमेयुरी-नो-तो-माए’. घोळ इतोमानलाच होतो, कारण 82 च्या फेऱ्या कमी आहेत.

---

पुस्ती जोडतो. तीच 82 पुढे माबुनीच्या शांतता उद्यानाकडे जाते. तिथल्या ‘शांततेची कोनशिला’ या स्मारकावर देश न पाहता, सैनिक-नागरिक असा भेद न करता युद्धातल्या 2.4 लाखांहून जास्त मृतांची नावं कोरली आहेत. ज्या बाळांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांची नोंद ‘अमक्याचं मूल’ अशी आहे. मुलीला ती नक्की दाखवा. दुपार कमी पडली तर तिथलंच प्रांतिक शांतता संग्रहालय सोडा, कोनशिला सोडू नका. मात्र उतरताच थांब्यावर परतीच्या बसची वेळ टिपून घ्या.