सार्वजनिक चित्रदालनात निवासी कलाकार असावा का? (वडोदरा)

दांडियाबाजारकर (धागालेखक)

नमस्कार. कमाटीबागेतल्या बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरीने दर वर्षी एका चित्रकाराला किंवा शिल्पकाराला काही महिने काम करण्यासाठी बोलवावे, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या मुक्कामाची सोय शहरात कुठेही असो, पण त्याला काम करायला एक खोली, मासिक मानधन, साहित्याचा खर्च आणि संग्रह जवळून पाहण्याची परवानगी मिळावी. विरुद्ध मतेही वाचायला मिळावीत, म्हणून हा धागा काढला आहे.

बाहेरच्या कलाकाराला बोलावून त्याच्या हाताला काम देणे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये राजा रविवर्मा यांना १४ पौराणिक चित्रांचे काम सोपवले. गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात पुन:पुन्हा इथे येऊन रंगवल्या. पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, परंतु पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रे यायला उशीर झाला आणि ती १९२१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ज्यांना कधी समुद्रापलीकडे जाता येणार नव्हते त्यांच्यासमोर ही चित्रे आणून टांगण्यामागे लोकशिक्षणाचा विचार होता, आणि मी तोच विचार आजच्या काळापर्यंत आणू पाहत आहे. १९५० पासून आपल्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्स (ललित कला) विभागाने देशाला कलाकार पुरवले, त्यांतले अनेकजण याच शहरात राहिले, तरीही सामान्य बडोदेकराला कलाकार काम करताना दिसत नाही. त्याला दिसते ते चौकटीत बसलेले, पूर्ण झालेले चित्र.

लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९८० मध्ये मॅगी हॅम्बलिंग यांना पहिल्या निवासी कलाकार म्हणून बोलावले. १९९० मध्ये पॉला रेगो तिथे आल्या आणि इटालियन चित्रकार क्रिव्हेल्लीच्या पंधराव्या शतकातील चित्रापासून सुरुवात करून त्यांनी त्याच इमारतीतल्या भोजनगृहासाठी भलेमोठे चित्र केले. इथेही तसेच व्हावे. आठवड्यातून दोन दुपारी खोलीचे दार लोकांसाठी उघडे असावे आणि मुदत संपताना एक कलाकृती संग्रहासाठी ठेवून घ्यावी.

सुरसागर

आपली कळकळ मी जाणतो, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. संग्रहालयाचे पहिले कर्तव्य हाती आलेल्या वस्तू पुढच्या पिढीला शाबूत सोपवणे हे आहे, आणि कलाकाराची खोली ही त्या कर्तव्याला जोखीम आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने पडून राहिल्या, तर तेल हवेतला प्राणवायू घेत आपोआप तापते आणि ठिणगीशिवाय आग लागू शकते. ज्यांनी तैलरंगात काम केले आहे त्यांना हे माहीत असते आणि तरीही निष्काळजीपणा होतो. बाहेरून आलेले लाकूड, कापड, लोकर यांबरोबर वाळवी आणि कसर येते. जुन्या कापडाला आणि कागदाला ती एकदा लागली की किती नुकसान झाले हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात बाग विश्वामित्री नदीच्या काठावर आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. अशा ठिकाणी पावसाळ्यातले चार महिने केवळ दमटपणाशी झुंजण्यातच जातात.

दुसरे असे की, इतिहासाचे आपण दिलेले दाखले या योजनेला लागू पडत नाहीत. रविवर्मा आणि नंदबाबू यांना नेमके काम सोपवले होते, चित्रे कुठे लागणार हे ठरलेले होते आणि खर्चाचा निर्णय एका राज्यकर्त्याच्या हातात होता. आज हे म्युझियम गुजरात सरकारच्या खात्याकडे आहे आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब लेखापरीक्षकाला द्यावा लागतो. 'कलाकाराने या महिन्यात विचार केला' ही नोंद कोणत्या रकान्यात लिहायची? कोणत्याही सार्वजनिक दालनाकडे पैसा आला, तर आधी प्रत्येक वस्तूचे नीट छायाचित्र घ्यावे, नोंदवही अद्ययावत करावी, संवर्धनाचे शिक्षण घेतलेला माणूस कायम नोकरीवर ठेवावा आणि माहितीच्या पाट्या लोकांच्या भाषांत लावाव्यात. ही कामे कुणाला दिसत नाहीत आणि त्यांचे उद्घाटन होत नाही, म्हणून ती मागे पडतात.

मांडवी

मी शाळेत शिकवते. सहलीला आलेली मुले देवमाशाचा सांगाडा आणि ममी पाहतात, आणि चित्रांच्या मजल्यावर त्यांचे पाय ओढायला लागतात. तिथे कुणी माणूस हाताने काही घडवत बसलेला दिसला, तर ती थांबतील याची मला खात्री आहे. माझा या कल्पनेला पाठिंबा आहे.

वाडी

मी छापचित्रे करते आणि इतर शहरांतल्या काही निवासी योजनांत काम केलेले आहे. त्यामुळे योजनेच्या बाजूने आहे, पण धागालेखकांनी घातलेल्या अटींच्या मी पूर्ण विरोधात आहे.

आठवड्यातून दोन दुपारी उघडे दार, ही अट ऐकायला निरुपद्रवी वाटते. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरताना मी पत्रा काही मिनिटे आम्लात ठेवते, काढते, धुते, भिंगाने पाहते, पुन्हा ठेवते. त्यानंतर शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याने फिरवायचा, ओलसर कागद पत्र्यावर ठेवून यंत्रातून काढायचा आणि एका कोपऱ्याने हलकेच उचलायचा. इतके करून बहुतेक वेळा छाप वाया जातो. वाया गेलेल्या छापांतूनच पुढचे काम निघते. चाळीस जणांच्या रांगेसमोर वाया घालवण्याची मोकळीक राहत नाही आणि मग कलाकार जे हमखास जमते तेच करून दाखवतो. मांडवीताईंना हवे आहे ते प्रात्यक्षिक आहे. ते मुलांसाठी जरूर ठेवावे, परंतु त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळे मानधन असावे.

नंदबाबूंचा दाखला आपण दिलात, तर तो पुरता घ्या. चार भिंतींसाठी सात वर्षे लागली, दरम्यान ते शांतिनिकेतनला परत जात राहिले. तीन महिन्यांत एक कलाकृती द्या असे कुणी म्हटले नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहिताना मन जड होते. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या सार्वजनिक संस्थेमुळे गोंड चित्रकलेला नवे आयुष्य मिळाले, आणि आपण मागत आहोत त्याचे सर्वात चांगले उदाहरण तेच आहे. त्याच जनगढ यांनी २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये, घरापासून हजारो मैल दूर, निवासी कलाकार म्हणून काम करत असताना आत्महत्या केली. त्यामागच्या कारणांचा निवाडा मी करणार नाही. परंतु तेव्हापासून कोणताही करार पाहिला की मी आधी हे पाहते: हवे तेव्हा घरी परतता येते का, आजारी पडल्यास कोण पाहील, आणि तिथे केलेले काम कुणाचे राहील.

रावपुरा

वाडीताईंच्या शेवटच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने उत्तर देतो, कारण या बाबतीत कलाकार वारंवार फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन चित्र काढले, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. सरकारी कामाच्या बाबतीतही, करार नसल्यास, सरकारच पहिले मालक असते. म्हणजे सरकारी दालनाने मानधन देऊन चित्र करून घेतले आणि कागदावर काहीच लिहिले नाही, तर चित्र छापून कॅलेंडर काढण्याचा हक्कही कलाकाराकडे राहील याची शाश्वती नाही. वस्तूची मालकी आणि कॉपीराइट या दोन गोष्टी करारात वेगवेगळ्या लिहाव्यात.

याच कायद्याच्या कलम ५७ मधला, आपल्या कामाच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क मात्र कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी कलाकाराकडे राहतो. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. ते सरकारविरुद्ध न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाईचा आदेश दिला. संग्रहासाठी एक कलाकृती ठेवून घेण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी हा खटला अवश्य वाचावा, कारण ठेवून घेणे म्हणजे जपण्याची जबाबदारी घेणे.

दांडियाबाजारकर

रावपुरा यांचे आभार. करार आधी लिहून तपासून घ्यावा, हे मान्य. कलाकृती देण्याची अट मी मागे घेतो. उघड्या दाराची अट मात्र सोडणार नाही. सार्वजनिक पैशातून चालणारी खोली वर्षभर बंद राहिली, तर लोकांनी ती का पोसावी? महिन्यातून एक दुपार, कलाकाराने स्वतः निवडलेली, इतके तरी असावे.

सुरसागर यांच्या धोक्यांवर उपाय आहेत. खोली मुख्य इमारतीत नको, तैलरंग आणि आम्ले त्या आवारात नकोत. पेन्सिल, कोळसा, जलरंग, माती, मेण एवढ्यावर पहिली काही वर्षे काढता येतील. म्युझियमच्या संग्रहातल्या, अकोट्याला सापडलेल्या कांस्यमूर्तींमधली चामरधारिणी (चवरी ढाळणारी स्त्री) घ्या. ती आधी मेणात घडवून, मग ते मेण वितळवून काढून त्याच्या जागी धातू ओतून केलेली मूर्ती आहे. एखादा शिल्पकार तिच्यासमोर बसून मेणात तिचा अभ्यास करू लागला, की एका पायावर आलेला भार, त्यामुळे वर उचललेले नितंब आणि उलट बाजूला झुकलेला खांदा ही सगळी रचना त्याच्या बोटांना कळू लागते. हे काचेबाहेरून बघणाऱ्याला पाटी वाचून कळणार नाही. अभ्यासाची ती मेणाची प्रत मूर्तीशेजारी ठेवली, तर मांडवीताईंच्या मुलांचीही सोय होईल.

सुरसागर

खोली बाहेर, साहित्य मर्यादित, आणि मूर्तीला हात न लावता काम, या तीन गोष्टी लिहून दिल्या तर माझा अर्धा विरोध संपतो. उरलेला अर्धा पैशाविषयी आहे. कलाकाराचे मानधन संवर्धनाच्या तरतुदीतून येता कामा नये. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे, आणि तसे नसेल तर त्या वर्षी योजना बंद ठेवावी. नवीन उपक्रम सुरू करायला अधिकारी तयार असतात आणि पुढे जुन्या कामाचे पैसे तिकडे वळतात, असे अनेक सरकारी संस्थांत मी जवळून पाहिले आहे. या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

वाडी

महिन्यातून एक दुपार, आणि ती मी निवडायची, हे मला चालेल.

पण बोलावणार कुणाला? फाइन आर्ट्समधून शिकलेल्या आम्हा लोकांनाच बोलावले, तर ज्यांना आधीच वाव आहे त्यांच्याच पदरात आणखी पडेल. छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींचे पिठोरा भित्तिचित्र रंगवणारे लखारे (चित्रकार) इथून फार दूर नाहीत. त्यांना बोलवावे असे मला मनापासून वाटते आणि त्याच वेळी भीतीही वाटते, कारण पिठोरा नवस फेडण्यासाठी घराच्या ओसरीच्या भिंतीवर लिहिला जातो, बडवा (पुजारी) त्यासाठी बसतो, घरातली माणसे रात्र जागतात. ती भिंत त्या घराची असते. चित्रदालनातल्या पांढऱ्या फळीवर तेच घोडे काढायला सांगणे म्हणजे देवाला मागणीनुसार हजर करणे होय, असे एखाद्या लखाऱ्याने म्हटले तर त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही. दुसरा एखादा 'मला वेगळे काही करून पाहायचे आहे' असेही म्हणेल, आणि जनगढ यांनी कागदावर तेच केले होते. म्हणून आमंत्रणपत्रात विषय लिहू नये. जागा, मुदत, मानधन आणि परतीच्या प्रवासाची सोय एवढेच लिहावे, आणि काय काढायचे, काय काढायचे नाही हे येणाऱ्यावर सोडावे.

दांडियाबाजारकर

निवड समितीत निदान एक सदस्य त्या भागातला, ती परंपरा जाणणारा असावा, एवढी भर घालतो. इतरांनी समितीच्या रचनेविषयी लिहावे. सरकारी अधिकारी तिथे बहुसंख्य असावेत की नसावेत, यावर अजून कुणीच बोललेले नाही.