चिकाटी शिकवणारी चित्रपुस्तकं सुचवा (कोल्हापूर, शनिवारपर्यंत यादी द्यायची आहे)

बकुळ
नमस्कार. चिकाटी, आणि काही अडलं तर स्वतः डोकं चालवून बघणं, या दोन गोष्टी ज्यांतून पोचतील अशी चित्रपुस्तकं हवी आहेत. हल्ली जरा काही जमलं नाही की "बाई, तुम्हीच करा" आणि हात वर. ठोकळ्यांचा मनोरा पडला की रडारड, पुन्हा रचायचं नावच नाही. नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच ससा-कासव. शनिवारी यादी द्यायची आहे म्हणून घाई आहे. नुसती नावं दिलीत तरी चालेल.

रानजाई
वय काय? वाचून दाखवायची आहेत की मूल स्वतः वाचणार? मराठीच हवीत का? बजेट किती?

बकुळ
चार ते सहा. मीच वाचून दाखवणार. मराठी. बाकीचं नंतर बघू हो, आधी नावं सांगा.

पेठेतला गडी
ताई, पुस्तकानं चिकाटी येत नाही. पोराला तालमीत घाला. गंगावेस हाय, मोतीबाग हाय, जवळ पडंल तिथं. खाशाबा जाधवांचं बघा की. 1948 ला लंडनला गेले, मॅटची सवय नाही, नियम नवीन, तरी सहावे आले. तिथं थांबले का? पुन्हा तयारीला लागले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. गडी ब्राँझ घेऊनच परत आला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगा पोराला, चित्रं लागत नाहीत.

कृष्णाकाठ
खाशाबा गोळेश्वरचे. कराड तालुका, जिल्हा सातारा. तेवढं लिहीत चला.

पेठेतला गडी
जन्म तिकडचा, मान्य. कॉलेज कुठलं? राजाराम. पाठीशी कोण उभं राहिलं? कोल्हापूर. पहिल्या ऑलिंपिकचा खर्चसुद्धा कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता.

कृष्णाकाठ
खर्च कुणीही करू दे, गाव बदलत नाही.

झुळूक
चार वर्षांच्या लेकराला तालमीत घाला म्हणताय? धागा पुस्तकांचा आहे.

निवृत्त गुरुजी
एवढी धावाधाव कशासाठी? तहानलेला कावळा, ससा-कासव, कोळी आणि राजा. तीन गोष्टी पुरतात, पिढ्या घडल्या आहेत त्यांवर. गोष्ट सांगून झाली की तात्पर्य फळ्यावर लिहायचं आणि मुलांकडून म्हणून घ्यायचं. समर्थांनी सांगून ठेवलंय, केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे. हे एकदा जिभेवर बसलं की जन्मभर उपयोगी पडतं.

पानोपानी
गुरुजी, आदर राखून असहमत. ससा-कासवाच्या गोष्टीत कासवाला काही अडतच नाही. ते चालत राहतं आणि ससा झोपला म्हणून जिंकतं. ससा जागा राहिला असता तर? हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं. कावळ्याची गोष्ट त्या मानाने फार चांगली. तिथे खरी अडचण आहे, चोच पोचत नाही, मग तो इकडेतिकडे बघतो आणि युक्ती काढतो. पण छापील पुस्तकांत हा मधला भागच दोन ओळींत उरकलेला असतो. एका पानावर तहान, पुढच्या पानावर खडे, तिसऱ्यावर पाणी वर. मुलाला बघायला हवं ते मधलं. किती वेळा फसलं, फसल्यावर चेहरा कसा झाला, मग काय बदलून बघितलं. चित्रपुस्तक निवडताना मी एवढंच बघते की फसण्याला किती पानं दिली आहेत. आणि शेवटी आई-बाबा किंवा एखादी परी येऊन काम करून देत असेल तर ते पुस्तक खाली ठेवते.

तात्पर्य म्हणून घेण्याच्या तर मी पूर्ण विरोधात. मुलं ते छान म्हणतात आणि ठोकळे पडले की पुन्हा रडतात.

निवृत्त गुरुजी
पाठांतराला नावं ठेवायची फॅशन झाली आहे. मुलाला आज कळत नाही, उद्या वेळ आल्यावर आठवतं. जिभेवर नसेल तर आठवणार काय?

प्रयोगवही
कावळ्याचा विषय निघालाच आहे तर, तो प्रकार खरा आहे. 2009 साली केंब्रिजच्या संशोधकांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्यांसमोर नळीत पाणी आणि त्यावर तरंगणारी अळी ठेवली. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं. मोठे खडे टाकले की काम लवकर होतं हेही त्यांनी हेरलं.

मुलांकडून हे करून घ्याच. पण आधी स्वतः करून बघा, कारण यात एक मेख आहे. पाणी अगदी तळाशी असेल तर बरणी काठोकाठ खड्यांनी भरली तरी पाणी वर दिसत नाही. ते खड्यांमधल्या फटींत मावतं. पाणी निम्म्याच्या वर असेल तर बघता बघता काठाला येतं. मी मुद्दाम दोन बरण्या ठेवतो, एकीत पाणी जास्त, एकीत अगदी कमी. दुसरी बरणी फसली की मुलं गप्प होतात, मग कुणीतरी म्हणतं बारीक खडे टाकू, कुणी म्हणतं वाळू टाकू. वाळू टाकली की सगळा चिखल. तिथून पुढे तासभर कुणी जागचं हलत नाही. काचेची बरणी नको, प्लास्टिकची पारदर्शक घ्या.

सईची आई
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पेन्सिल डाव्या हातात धरते. सासूबाई म्हणतात आत्ताच सवय मोडा. काय करावं?

झुळूक
मोडू नका. डावखुरं असणं ही सवय नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

बकुळ
बरण्या, कावळे, कुस्ती सगळं छान आहे, पण नावं अजून एकही नाही. आणि दोनदा "पोराला", "मुलाला" वाचलं. एक मूल कुठून आलं? माझा वर्ग आहे. बालवाडीचा मोठा गट आणि लहान गट एकत्र बसतो, 26 मुलं. संस्थेनं 3,000 रुपये मंजूर केलेत, जीएसटीचं पक्कं बिल लागेल. पुस्तकं वर्गात राहणार, घरी न्यायला द्यायची नाहीत.

रानजाई
हे पहिल्या ओळीत असतं तर निम्मा धागा वाचला असता. एका मुलाला मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक आणि 26 जणांपुढे धरायचं पुस्तक एक नसतं. तळहाताएवढ्या पुस्तकातलं चित्र तिसऱ्या ओळीतल्या मुलाला दिसत नाही, आणि दिसलं नाही की ते शेजारच्याला चिमटे काढतं.

पानोपानी
आता नेमकं सांगता येईल. मराठीत आधी ज्योत्स्ना प्रकाशनाची बालपुस्तकं बघा, त्यातही माधुरी पुरंदरे यांची. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. यश नावाच्या छोट्या मुलाची त्यांची पुस्तकं याच वयासाठी आहेत. त्यात कुणी उपदेश करत नाही. घरातल्या, शाळेतल्या साध्या गोष्टी, मुलाला वाटणारी भीती, रुसवे. 'चिकाटी' असा शब्द कुठे सापडणार नाही, पण वाचता वाचता थांबायला जागा भरपूर आहेत. चेन्नईची तूलिका इंग्रजी-मराठी अशी जोड पुस्तकं काढते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका 3,000 त सगळ्यात जास्त पुस्तकं देईल.

तुमच्या विषयाला अगदी चपखल बसणारी तीन इंग्रजीत आहेत, ती मात्र तुम्हाला मराठीत सांगावी लागतील. 'द कॅरट सीड', 1945 चं. मुलगा गाजराचं बी लावतो, आई, बाबा, दादा सगळे म्हणतात उगवणार नाही. तो रोज तण काढतो, पाणी घालतो. बस्स, एवढंच. लहान गटालाही कळतं. दुसरं ॲशली स्पायर्स यांचं 'द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग', 2014 चं. मुलगी काहीतरी भन्नाट बनवायला बसते, पुन्हा पुन्हा बिघडतं, बोट चेमटतं, ती भडकते आणि सोडून देते. तिचा कुत्रा तिला फिरायला नेतो. परत येताना तिला टाकून दिलेल्या वस्तूंतलं काय काय बरं जमलं होतं ते दिसायला लागतं. तुमच्या ठोकळेवाल्यांसाठी हेच. राग येतो, राग येऊ द्यायचा, आणि मग परत यायचं, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं मी पाहिलेलं नाही.

तिसरं ऑलिव्हर जेफर्स यांचं 'स्टक', 2011. पतंग झाडात अडकतो. पतंग पाडायला मुलगा बूट फेकतो, बूट अडकतात. मांजर फेकतो, मांजर अडकतं. मग तो शिडी आणतो आणि शिडीसुद्धा वर फेकतो! त्या पानावर थांबायचं. पान उलटायचं नाही, काही बोलायचं नाही. मुलं उठून उभी राहतात, "चढ ना, चढ ना!" म्हणून ओरडतात. हे त्यांचं त्यांना सुचलेलं असतं.

कृष्णाकाठ
मराठी बालवाडीत इंग्रजी पुस्तकं कशाला? मागितली मराठी, सांगताय परदेशातली. आपल्याकडे काय कमी आहे? किशोर आहे ना, बालभारतीचं, 1971 पासून निघतंय. जुने अंक नेटवर फुकट आहेत.

पानोपानी
किशोर मलाही प्रिय आहे, पण ते वाचू लागलेल्या मुलांचं. चार वर्षांच्या मुलाला त्यातली पानभर गोष्ट कशी दाखवणार? आणि चित्राला भाषा कुठे असते? अडकलेला पतंग मंगळवार पेठेतल्या पोरालाही तेवढाच कळतो.

कृष्णाकाठ
बाईंना इंग्रजी वाचून मराठीत सांगायला वेळ आहे का हे आधी विचारा.

बकुळ
सांगता येईल, तो प्रश्न नाही. पण संस्थेत मराठीच लिहून द्यावं लागतं. एखादं इंग्रजी चालून जाईल, तीन नाही.

रानजाई
मग 'मॅग्निफिसंट' एकच घ्या. बाकी मराठी.

आणखी एक, पुस्तकाइतकंच महत्त्वाचं म्हणून सांगते. मनोरा जमला की "हुशार गं माझी बाय" म्हणू नका. 1998 साली म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू खूप मेहनत घेतलीस" म्हटलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली आणि पुढची सोपी कोडीसुद्धा त्यांना आधीपेक्षा कमी सुटली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. तुमच्या वर्गात "खालचा ठोकळा बदलून बघितलास, मग उभा राहिला" एवढं म्हटलं तरी खूप फरक पडतो. मूल पुन्हा तेच करून बघतं.

निवृत्त गुरुजी
हे पटलं. आम्ही शाबासकी देत होतो ती गुणांना. मेहनतीला क्वचितच.

पेठेतला गडी
वस्ताद पण पडल्यावरच सांगतो, पाय कुठं चुकला ते. जिंकल्यावर नुसती पाठीवर थाप.

कागदकाम
बकुळताई, 3,000 त पुस्तकं थोडीच येतील, म्हणून एक व्यवहाराचं सांगतो. प्रथम बुक्सची 'स्टोरीवीवर' नावाची वेबसाइट आहे, 2015 पासून. तिथे मराठी चित्रगोष्टी फुकट उतरवून घेता येतात आणि छापायलाही परवानगी आहे, फक्त लेखक-चित्रकारांच्या नावांचं पान काढून टाकायचं नाही. वाचनाचे चार स्तर आहेत. तुमच्या मुलांना पहिला आणि दुसरा. पीडीएफ काढा, ए-थ्री आकारात रंगीत छापा आणि स्पायरल करा. रानजाई म्हणतात तो तिसऱ्या ओळीचा प्रश्न तिथेच सुटतो, विकतचं पुस्तक एवढं मोठं सहसा मिळत नाही. छपाईवाला बिल देतो, पण ते 'छपाई' म्हणून येईल, 'पुस्तक खरेदी' म्हणून नाही. ऑफिसात आधी विचारून घ्या, नाहीतर मार्चमध्ये ऑडिटला अडकेल.

बकुळ
ही खरी मदत. ऑफिसात आत्ताच फोन केला, 1,000 पर्यंत छपाई चालेल म्हणाले. म्हणजे 2,000 ची पुस्तकं: यशची जेवढी मिळतील तेवढी, नॅशनल बुक ट्रस्टची काही आणि 'मॅग्निफिसंट' एक. खाशाबांची गोष्ट मी तोंडी सांगेन, मोठ्या गटाला कुस्ती आवडते. आता, हे सगळं कोल्हापुरात एका दुकानात मिळेल का? मला चार ठिकाणी फिरायला वेळ नाही.

रानजाई
एकाच दुकानात सगळं मिळायची खात्री नाही. आधी फोन करून यशच्या पुस्तकांचं नाव सांगा आणि किती प्रती शिल्लक आहेत ते विचारा, नसतील तर दुकानदार मागवून देतात. इंग्रजी पुस्तक ऑनलाइनच घ्या, पण बिल संस्थेच्या नावाने निघेल असं बघा. विकत घेण्याआधी चाळायची असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात (कनवात) चौकशी करा, 1850 पासूनचं ग्रंथालय आहे.

सईची आई
कनवात लहान मुलांना नेलं तर चालतं का? सईला न्यायचं म्हणते.

झुळूक
फोन करून वेळ विचारा आणि न्या.

बकुळ
पेपर कुठला घेऊ छपाईला? साधा फाटतो, लहान गट पानं ओढतो.

कागदकाम
जाड आर्ट पेपर घ्या, 170 जीएसएमच्या आसपासचा. पानांचे कोपरे गोल कापून घ्या. लॅमिनेशन करणार असाल तर मॅटच सांगा, ग्लॉसी असलं की वर्गातली ट्यूब त्यात चमकते आणि कडेला बसलेल्यांना चित्राऐवजी नुसता पांढरा पट्टा दिसतो. पहिलं एकच पुस्तक काढा, वर्गात धरून बघा, मागच्या मुलांना विचारा काय दिसतंय, आणि मगच बाकीची द्या छापायला.