दोन तासांचा भाग सहा तासांचा का दिसतो? उतरवलेल्या पॉडकास्ट फाइली आणि स्क्रीन रीडर

प्रश्न (मिरजेहून)

नमस्कार. मी जन्मतः अंध आहे. सध्या सेट परीक्षेची तयारी करते आहे आणि त्यासाठी मराठी साहित्यावरील व्याख्यानांचे एक पॉडकास्ट नियमित ऐकते. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) आहे. भाग उतरवून घ्यायचे आणि एका जुन्या, साध्या प्लेअरमध्ये ऐकायचे अशी माझी पद्धत आहे, कारण त्या प्लेअरच्या सगळ्या कळा बोटांना पाठ झाल्या आहेत.

मुख्य अडचण वेळेची आहे. या मालिकेतला भाग दोन तासांचा असतो, पण प्लेअर त्याची लांबी सहा तास सांगतो. फाइलचा आकार साधारण ८ कोटी ६४ लाख बाइट आहे. पाच मिनिटे पुढे नेणारी कळ दाबली की जे वाक्य ऐकू येते, तेच वाक्य सुरुवातीपासून सलग ऐकल्यास शंभराव्या सेकंदाच्या आसपास येते. बोलक्या घड्याळावर मी हे तीन वेळा पडताळले. माझी डोळस मैत्रीण हेच भाग फोनवर ऐकते आणि 'एक तास दहा मिनिटांपाशी ओवी आणि अभंग यांतला फरक सांगितला आहे, तो नीट ऐक' असे कळवते. मी तिथे जाते तेव्हा भलताच विषय चालू असतो. तिला पट्टी बोटाने सरकवून अंदाज घेता येतो. मला प्लेअरने सांगितलेल्या वेळेखेरीज दुसरा आधार नाही.

आणखी तीन गोष्टी त्रास देतात. काही एम४ए फाइली अजिबात उघडत नाहीत, तर वसतिगृहात उतरवलेली एक एमपी३ फाइल जेमतेम चार केबीची निघाली. भागांची मराठी शीर्षके निरर्थक अक्षरांत वाचली जातात आणि अक्षर अक्षर पुढे गेल्यास मधूनमधून 'येन' असा शब्द येतो. आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लुसिव्ह' असा शब्द असलेला पर्याय मी कोणाच्या तरी सल्ल्यावरून निवडला, तेव्हापासून भाग सुरू होताच स्क्रीन रीडर मुका होतो. या सर्वांचे मूळ एकच आहे की प्रत्येकाचे वेगळे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर (पुण्याहून)

ताई, आपण फाइलचा आकार बाइटमध्ये लिहिलात हे फार चांगले केले, कारण त्या एका आकड्यावरून वेळेचा दोष उलगडतो. मी स्वतः अंध असून ध्वनिसंपादन हाच माझा व्यवसाय आहे, आणि हा दोष माझ्याकडे अनेकदा आला आहे.

एमपी३ फाइल म्हणजे एकामागून एक रचलेल्या छोट्या फ्रेम असतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत प्रत्येक फ्रेममध्ये १,१५२ नमुने (आवाजाची एकेक मोजमापे), म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा आवाज असतो, आणि त्या फ्रेमचा बिट रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्च होतात तो दर, तिच्या आरंभीच नोंदलेला असतो. सगळ्या फ्रेमचा बिट रेट सारखा असेल तर आकाराला बिट रेटने भागले की लांबी मिळते. परंतु आपली फाइल बदलत्या बिट रेटची, म्हणजे व्हीबीआर प्रकारची असणार. अशा फाइलीत शांततेवर कमी आणि बोलण्यावर अधिक बिट खर्च होतात, त्यामुळे आरंभीच्या फ्रेममध्ये एक खास नोंद ठेवावी लागते. तिला झिंग हेडर म्हणतात. एकूण फ्रेम किती, एकूण बाइट किती आणि ठरावीक वेळेसाठी फाइलमध्ये कुठे उडी मारायची याचा शंभर नोंदींचा तक्ता, एवढे तिच्यात असते. ही नोंद गहाळ असली तर साधा प्लेअर पहिल्या फ्रेमचा बिट रेट हाच सगळ्या फाइलचा बिट रेट धरतो.

आता आपले आकडे पाहू. ८ कोटी ६४ लाख बाइट ७,२०० सेकंदांत वाटले तर सेकंदाला १२,००० बाइट, म्हणजे सरासरी ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ हजार बिट) होतात. व्याख्यानाच्या आरंभी क्षणभर शांतता असणार आणि ती ३२ केबीपीएसवर साठवली गेली असणार. प्लेअरने तोच दर धरला की सेकंदाला ४,००० बाइट होतात आणि लांबी बरोबर २१,६०० सेकंद, म्हणजे सहा तास निघते. पाच मिनिटांसाठी तो १२ लाख बाइट पुढे सरकतो, आणि खऱ्या दराने ते शंभर सेकंदच भरतात. आपले बोलके घड्याळ अचूक होते. तात्पुरता उपाय हवा असेल तर मैत्रिणीने सांगितलेल्या वेळेची तिप्पट करा: एक तास दहा मिनिटांऐवजी साडेतीन तासांवर गेलात, तर त्या मुद्द्याच्या आसपास पोहोचाल.

कायमचा उपाय म्हणून फूबार२००० हा मोफत प्लेअर घ्या. स्क्रीन रीडरबरोबर तो चांगला चालतो. त्यात फाइल भरून तिच्यावर असताना शिफ्ट आणि एफ१० दाबा, मेनूमधील 'युटिलिटीज' उघडा आणि 'फिक्स व्हीबीआर एमपी३ हेडर' हा पर्याय निवडा. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. या क्रियेत आवाजाला हात लागत नाही, केवळ गहाळ नोंद लिहिली जाते. फाइल पुन्हा एमपी३मध्ये रूपांतरित करा असा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका. एकदा दाबलेला आवाज पुन्हा दाबला की तो आणखी खराब होतो, आणि दुप्पट वेगाने ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना ती खराबी डोळस श्रोत्यांच्या आधी जाणवते.

दुरुस्तीनंतरही एक मर्यादा राहील. तक्त्यात नोंदी शंभरच असल्यामुळे दोन तासांच्या फाइलीत एका नोंदीच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. त्या तक्त्यावरच विसंबणाऱ्या प्लेअरमध्ये उडी काही सेकंदांनी चुकू शकते. बोलक्या पुस्तकांच्या कॅसेट ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत एक परिच्छेद शोधण्यासाठी फीत मागेपुढे करणे किती जिवावर येई ते आठवत असेल. त्या मानाने ही चूक सोसण्याजोगी आहे, पण ती आपल्या हातून होत नाही हे आपल्याला माहीत असलेले बरे.

उत्तर (नागपूरहून)

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवतो. न उघडणाऱ्या फाइलींबद्दल लिहितो.

चार केबीची एमपी३ ही बहुधा एमपी३ नाहीच. वसतिगृहाच्या किंवा महाविद्यालयाच्या वायफायमध्ये लॉगिनची मुदत संपली, की आपण मागितलेल्या फाइलीऐवजी लॉगिनचे पान येते आणि उतरवणारे सॉफ्टवेअर तेच पान एमपी३ नावाने साठवते. खात्री करायची असेल तर अशी लहान फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली ओळ अक्षर अक्षर ऐका. ती 'एचटीएमएल' असे म्हणत असेल तर ते वेबपान आहे. खऱ्या फाइलीही आपली ओळख आरंभीच सांगतात: बहुतेक एमपी३ फाइली 'आयडी३' या अक्षरांनी सुरू होतात, वेव्ह फाइल 'आरआयएफएफ' ने, ऑग फाइल 'ओजीजीएस' ने, आणि एम४ए फाइलीत चार बाइटनंतर 'एफटीवायपी' ही अक्षरे येतात. डोळस सहाय्यक जवळ नसताना एवढ्यावरून पुष्कळ निदान होते. मात्र मोठ्या फाइलींवर हे करू नका, कारण नोटपॅड आणि स्क्रीन रीडर दोन्ही अडून बसतात.

एम४एचे दुखणे निराळे आहे. एमपी३ अर्धवट उतरली तरी जेवढी आली तेवढी वाजते, कारण प्रत्येक फ्रेम आपल्यापुरती माहिती सोबत घेऊन येते. एम४एमध्ये कोणता नमुना फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका 'मूव्ह' नावाच्या पेटीत एकत्र ठेवलेली असते आणि अनेकदा ती फाइलच्या शेवटी असते. उतरवणे शेवटच्या टप्प्यात तुटले, तर ९५ टक्के आवाज हाती असूनही फाइल उघडत नाही. म्हणून फाइलवर आल्ट आणि एंटर दाबून तिचा आकार बाइटमध्ये ऐका, आणि पॉडकास्टच्या आरएसएस फीडमध्ये (भागांची यादी देणाऱ्या फाइलीत) त्या भागाच्या 'एन्क्लोजर' या घटकात 'लेंग्थ' म्हणून दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. काही निर्माते तिथे शून्य किंवा मनचा आकडा टाकतात. अशा वेळी फाइल दुसऱ्यांदा उतरवून दोन्ही आकार ताडणे हाच मार्ग उरतो.

उत्तर (ठाण्याहून)

स्क्रीन रीडर मुका होण्याचे कारण आपण निवडलेल्या पर्यायातच आहे. एक्सक्लुसिव्ह पद्धतीत प्लेअर साउंड कार्ड स्वतःच्या एकट्याच्या ताब्यात घेतो, त्यामुळे एनव्हीडीए किंवा जॉज यांसारख्या स्क्रीन रीडरचा आवाज बाहेर पडायला वाट राहत नाही. डोळस व्यक्तीला हा पर्याय निरुपद्रवी वाटतो, म्हणून तो सुचवला जातो. अशा वेळी घाबरून संगणक बंद करू नका. प्लेअरवर असतानाच आल्ट आणि एफ४ दाबा, तो बंद होताच वाचा परत येते. तरीही आली नाही, तर कंट्रोल, आल्ट आणि एन या कळांनी एनव्हीडीए पुन्हा सुरू करा.

त्यानंतर विंडोज आणि आर दाबून एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल ही अक्षरे सलग टाइप करा. आपले साउंड कार्ड निवडून 'प्रॉपर्टीज' मध्ये जा, 'ॲडव्हान्स्ड' हा टॅब उघडा आणि ॲप्लिकेशनला एक्सक्लुसिव्ह ताबा घेऊ देणाऱ्या चौकटीवरची खूण काढा. मग कोणताही प्लेअर आपली वाचा बंद करू शकणार नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. चार केबीची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर खरोखरच वसतिगृहाचे लॉगिनचे पान निघाले. एक्सक्लुसिव्हची खूण काढली आणि आता भाग चालू असतानाही एनव्हीडीए बोलतो. दोन एम४ए फाइली पुन्हा उतरवल्या. पहिल्या प्रती लहान होत्या, नव्या उघडतात. हेडर दुरुस्त केलेला भाग जुन्या प्लेअरमध्येही एक तास अठ्ठावन्न मिनिटांचा दिसतो आणि एक तास दहा मिनिटांवर ओवी-अभंगाचाच मुद्दा लागला. आता फक्त 'येन' चे कोडे उरले आहे.

उत्तर (नाशिकहून)

ताई, 'येन' मुळेच कोडे सुटते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या रीतीत) तीन बाइट घेते. शीर्षक लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने ते बाइट टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या शीर्षकाच्या 'आयडी३' नोंदीत ठेवले, पण ते लॅटिन-१ या एका बाइटला एक चिन्ह देणाऱ्या संकेतपद्धतीचे असल्याची चुकीची नोंद केली. त्यामुळे प्रत्येक बाइट स्वतंत्र चिन्ह म्हणून वाचला जातो. 'ी', 'ु', 'े', 'ो' आणि हलन्त युनिकोडच्या देवनागरी तक्त्याच्या उत्तरार्धात येतात, आणि त्या उत्तरार्धातल्या चिन्हांचा दुसरा बाइट लॅटिन-१मध्ये नेमके येन या जपानी चलनाचे चिन्ह असतो. म्हणजे जिथे 'येन' ऐकू येते तिथे बहुतेक वेळा एखादी मात्रा किंवा हलन्त दडलेला आहे. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक नव्याने टाइप करून साठवताना आयडी३ आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ हा पर्याय ठेवा. जुने हातातले डेझी प्लेअरही (अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांची यंत्रे) ही जोडी सहसा समजतात.

मी अल्पदृष्टी आहे आणि स्वतः एक पॉडकास्ट काढतो, म्हणून निर्माता या नात्यानेही लिहितो. बोलण्याच्या कार्यक्रमाला स्थिर बिट रेटची, ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ पुरेशी असते. एका तासाला २ कोटी ८८ लाख बाइट लागतात आणि कोणत्याही प्लेअरला वेळेचा हिशेब चुकत नाही. व्हीबीआरने थोडी जागा वाचते हे खरे, पण त्या बचतीसाठी अंध श्रोत्याचा एकमेव आधार डळमळीत करणे मला पटत नाही. माझ्या माहितीतल्या प्रत्येक निर्मात्याला मी हे सांगत आलो आहे.

उत्तर (पुण्याहून)

स्थिर बिट रेटबद्दल मी सहमत आहे. एम४ए मात्र त्याज्य समजू नये. फाइल पूर्ण उतरली असेल, तर तिच्या अनुक्रमणिकेमुळे उडी कितीतरी अधिक नेमकी बसते, शिवाय त्यात प्रकरणांच्या खुणाही ठेवता येतात. निर्मात्याने ती अनुक्रमणिका फाइलच्या आरंभी आणून ठेवली, तर नेटवर ऐकतानाही फाइल लगेच सुरू होते आणि अर्धवट उतरली तरी बरेच प्लेअर आलेला भाग वाजवतात. नागपूरच्या सरांनी सांगितलेला धोका बराचसा निर्मात्याच्या निष्काळजीपणातून येतो.

ताई, परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा ऐकायची निवडक व्याख्याने असतील, तर डेझी कन्सोर्टियमचे ओबी हे मोफत सॉफ्टवेअर पाहा. त्यात एकेका मुद्द्याला शीर्षक देऊन व्याख्यानाचे डेझी पुस्तक करता येते. मग मिनिटे मोजावी लागत नाहीत, 'ओवी' वरून 'अभंग' वर एका कळीने जाता येते.

प्रश्नकर्तीकडून

ओबी उतरवून घेतले आहे. आधी उरलेल्या अठरा भागांची हेडरे दुरुस्त करते, ती एकत्र निवडून एकाच वेळी होतात असे दिसते. मैत्रिणीने महत्त्वाच्या मुद्द्यांच्या वेळा एका वहीत लिहून ठेवल्या आहेत, त्या आज रात्री ती वाचून दाखवणार आहे आणि मी शीर्षके टाइप करणार आहे.