स्कोपसच्या मागे लागावं का? माझं मत: नाही

तळटीप

सामाजिकशास्त्रांच्या एका छोट्या जर्नलचं संपादन चार वर्षं करतोय. वर्षाला दोन अंक, मंडळात पाच माणसं, पगार कुणालाच नाही. मागच्या बैठकीत ठरलं की आता सगळी ताकद स्कोपसच्या (निवडक जर्नलांचे लेख आणि त्यांची सायटेशनं नोंदवणारी सूची) अर्जावर लावायची. विरोधात मी एकटाच होतो.

अटींबद्दल फारशी तक्रार नाही. किमान दोन वर्षांचं प्रकाशन, आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक), पिअर रिव्ह्यूची (जाणकारांकडून लेख तपासून घेण्याची) लेखी पद्धत, संशोधननीतीचं निवेदन, इंग्रजी शीर्षक आणि सारांश, रोमन लिपीतले संदर्भ. यातलं बरंचसं एरवीही करायलाच हवं. (रोमन संदर्भांचं तेवढं सोडून. मूळ लिपीतली सूची लिप्यंतर करून छापली की पुस्तक शोधायला निघालेला वाचक हमखास चुकतो.)

खटकतंय ते वेगळंच. अर्ज अजून भरलेलाही नाही आणि मंडळाची भाषा बदललीय. परवा एक उत्तम क्षेत्रअभ्यास आला होता. पहिला प्रश्न काय, तर 'याला सायटेशन कोण देणार?', म्हणजे पुढचे लेखक याचा संदर्भ देतील का. समीक्षकाकडे न जाताच लेख परत गेला. अशानं इंडेक्समध्ये गेलो तरी आत जाणारं जर्नल आपलं उरणार नाही. अंक वेळेवर काढू, डीओआय (टिकाऊ ऑनलाइन पत्ता) लावू, स्कोपस पाच वर्षं विसरू. पटत नसेल तर बोला.

अर्धवेळ

नाही पटत. संपादकाला पगार नाही हे कबूल, पण लेखकाला नोकरी टिकवायची असते. निवड समितीपुढे माझी यादी जाते तेव्हा लेख कुणी उघडून बघत नाही. जर्नल इंडेक्समध्ये आहे का, एवढंच बघतात. हे चूकच आहे, पण चूक माझी नसताना तिची किंमत मी का भरू? माझा सगळ्यात चांगला लेख मी तुमच्यासारख्याच एका जर्नलला दिला होता. मान मिळाला, गुण शून्य. पुन्हा देणार नाही.

आणि असे लेखक गेले की उरतात कोण? मंडळाचे मित्र आणि त्यांचे विद्यार्थी.

खडूफळा

तळटीप यांच्याशी सहमत, उलट ते फार मवाळ बोलतायत. स्कोपस एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीचं, म्हणजे जी कंपनी स्वतः जर्नलं विकते तीच कुठलं जर्नल मोजायचं ते ठरवते. तशीच दुसरी सूची वेब ऑफ सायन्स, ती क्लॅरिव्हेट या कंपनीची. यूजीन गार्फिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स (वेब ऑफ सायन्सचं मूळ) काढला तो वाचकाला लेख सापडावा म्हणून. आज त्याच यादीवर बढत्या ठरतात.

ईलाइफ या जीवशास्त्राच्या जर्नलचं काय झालं बघा. २०२३ पासून त्यांनी स्वीकार-नकाराचा शिक्काच बंद केला, समीक्षणं लेखासोबत छापायला लागले. २०२४ मध्ये वेब ऑफ सायन्सनं त्यांना अडवलं आणि इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) गेला. प्रयोग करणाऱ्याला ही शिक्षा.

अर्धवेळ

सोयीचं तेवढंच सांगू नका. २०२३ च्या मार्चमध्ये याच क्लॅरिव्हेटनं पन्नासांहून जास्त जर्नलं यादीतून काढली. त्यात एमडीपीआय या बड्या प्रकाशकाचं एक अवाढव्य जर्नलही होतं, वर्षाला हजारो लेख छापणारं. बड्या प्रकाशकालाही दार दाखवणारं कुणीतरी हवंच ना? ते काम तुम्ही आम्ही करणार का?

शाईचा डाग

आमच्याकडे मेल येतात, 'तीन महिन्यांत स्कोपस, निम्मे पैसे आधी'. एका सहसंपादकानं खरंच भरले. पुढे काहीच झालं नाही, हे सांगायला नकोच.

कॅटलॉगवाली

ग्रंथालयात काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं माझ्या टेबलाशी येऊन भांडतात. आधी शाईचा डाग यांच्यासाठी: मूल्यमापनाला स्कोपस पैसे घेत नाही, वेब ऑफ सायन्स घेत नाही, डीओएजे (मुक्त जर्नलांची सूची) हीही घेत नाही. पैसे मागणारा दलाल समजावा.

आता मूळ वाद. तुम्ही सगळे 'इंडेक्सिंग' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरताय. आयएसएसएन म्हणजे ओळखक्रमांक, डीओआय म्हणजे टिकाऊ पत्ता. दोन्हींचा दर्जाशी काही संबंध नाही, भुक्कड जर्नलालाही मिळतात. गूगल स्कॉलरमध्ये निवड समिती नाही, यंत्र फिरतं आणि जे वाचता येईल ते उचलतं. डीओएजे २००३ पासून आहे, फक्त मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांसाठी, आणि २०१४ मध्ये नियम कडक करून त्यांनी जुन्या जर्नलांनाही नव्यानं अर्ज करायला लावला होता. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडून घेतात. त्यातही वेब ऑफ सायन्सचे २४ निकष दर्जाचे आणि ४ प्रभावाचे. पहिले २४ पार केले तर ईएससीआयमध्ये (वेब ऑफ सायन्सच्याच एका यादीत) जागा मिळते, आणि २०२३ पासून त्या जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो. म्हणजे सायटेशन नाहीत म्हणून दार बंद, ही तुमच्या मंडळाची भीती निम्मी खोटी आहे. तो क्षेत्रअभ्यास परत पाठवायचं कारणच नव्हतं.

अर्धवेळ, तुमचं दुखणं खरं आहे. पण घाईत केलेला अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा अर्ज करायला बंदीचा काळ असतो आणि तो वर्षांत मोजावा लागू शकतो. कच्चा अर्ज टाकण्यात लेखकांचंच नुकसान आहे.

तळटीप, तुम्हाला दोन प्रश्न. एक, साइटवर प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान आहे का, की अख्ख्या अंकाची एकच पीडीएफ? गूगल स्कॉलरला लेखागणिक वेगळा पत्ता लागतो, फाइल ५ एमबीच्या आत लागते, आणि स्कॅन केलेलं नुसतं चित्र असेल तर ते आंधळ्यापुढे आरसा धरल्यासारखं. दोन, डीओएजेचा एक नियम आहे: ज्यांचा लेखक संपादक, मंडळाचा सदस्य किंवा समीक्षक आहे असे लेख शेवटच्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात २५ टक्क्यांच्या वर नकोत. तुमचे किती?

खडूफळा

थोडक्यात, पुन्हा त्यांच्याच फूटपट्ट्या. ओपनअ‍ॅलेक्स ही लेखांची फुकट सूची २०२२ पासून खुली आहे, पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठानं वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद करून तिकडे मोर्चा वळवला. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कॅटलॉगवाली

बोलते की. ओपनअ‍ॅलेक्स क्रॉसरेफकडून (डीओआय नोंदवणारी संस्था) मेटाडेटा, म्हणजे लेखाची माहिती, घेतं. संपादकानं क्रॉसरेफला लेखकाचं नाव, सारांश, संदर्भ नीट दिलेच नसतील तर तिथं काय दिसणार? खुल्या विहिरीलाही पोहरा लागतो.

तळटीप

उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी मोजत बसलो.

आठही अंक अखंड पीडीएफ आहेत. पहिले तीन तर स्कॅन. म्हणजे मी इथं जर्नलच्या आत्म्याबद्दल लिहीत होतो आणि आमचा एकही लेख नावानं शोधून सापडत नव्हता. डीओआयसुद्धा अंकाला आहे, लेखाला नाही.

शेवटच्या अंकात सहा लेख. त्यातले दोन मंडळातल्यांचे, पैकी एक माझा. ३३ टक्के. अर्धवेळ यांनी 'मंडळाचे मित्र' म्हटलं तेव्हा राग आला होता.

स्कोपसबद्दल मत बदललेलं नाही, अर्ज आत्ता नकोच. पण बैठकीत विरोध करताना मी जे 'आपलं जर्नल' म्हणत होतो ते नेमकं काय, हे मला पुन्हा बघावं लागेल. पुढच्या अंकातला माझा लेख मागे घेतोय. त्या जागी तो क्षेत्रअभ्यास समीक्षकाकडे पाठवता येईल, लेखिकेनं अजून दुसरीकडे दिला नसेल तर. मेल केलीय, उत्तर आलेलं नाही.