पगार नेमका किती? मावशी, आया, वॉर्डबॉय, जीडीए यांचे अनुभव

धागाकर्ती, पुणे

नमस्कार मंडळी. १४ वर्षं झाली मला या कामात. पहिली ९ वर्षं ब्युरोच्या (घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीच्या) ड्युट्या केल्या, मग जीडीएचा (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्णसेवकाचा) कोर्स करून एका खासगी हॉस्पिटलात लागले. परवा वॉर्डात नवीन मुलगी आली. "ताई, इथे पगार किती?" तिनं विचारलं. मी आकडा सांगितला आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात राहिलं. मधे कोण किती कापतं, खाडा कसा धरतात, कंबर धरली तर त्या महिन्यात घरात काय शिजतं, यातलं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून हा धागा. मावशी, आया, ब्रदर, कुणीही असा, लिहा. ज्यांनी घरी माणूस ठेवलाय त्यांनीही लिहा. ब्युरोचं, हॉस्पिटलचं नाव नको. आकडे मात्र खरे हवेत.

माझ्यापासून सुरुवात करते. ब्युरोत असताना १२ तासांचे घरचे लोक ६५० द्यायचे, माझ्या हातात ५०० यायचे. सुट्टी घेतली की ५०० गेले. हॉस्पिटलात पहिली स्लिप मिळाली ती अजून जपून ठेवली आहे. एकूण १५,०००, त्यातून पीएफ १,४४०, ईएसआयसी (कामगार विमा) ११३, व्यवसाय कर २००, हातात १३,२४७. नवरा म्हणाला, महिनाभर ब्युरोत गेली असतीस तर १५,००० आले असते. हिशोब त्याचा बरोबरच होता. पण पुढच्याच वर्षी माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. ते ईएसआयसीच्या कार्डावर झालं, आणि घरी पडून होते त्या दिवसांचे ७० टक्क्यांनी पैसे खात्यावर आले. महिन्याचे ११३ रुपये कुठे जातात ते तेव्हा कळलं. आपल्याकडून ०.७५ टक्के कापतात, मालकानं वर ३.२५ टक्के भरायचे असतात. पगार २१,०००पर्यंत असेल आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर कार्ड मागा. लाजू नका.

पुणे, २४ तासांची ड्युटी

आई सांगतेय, मी टाइप करतेय.

कोथरूडला एक आजोबा होते, पॅरालिसिस झालेले, नाकात नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून खायला घालायचं, युरिनबॅग मोकळी करायची, मोजून वहीत लिहायचं. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, एकही होऊ दिला नाही आईनं, अकरा महिने. घरचे ब्युरोला २४,००० द्यायचे, ब्युरो ४,००० ठेवून २०,००० आम्हाला. ऐकायला बरं वाटतं. मी कॅल्क्युलेटरवर तासाला किती ते काढलं तर २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. महिन्यात दोन सुट्ट्या, त्याही बदली मावशी मिळाली तरच.

आजोबा २३ तारखेला पहाटे गेले. डॉक्टर येऊन गेल्यावर आईनंच त्यांचं अंग पुसलं, धुतलेला सदरा घातला, सुनेला चहा करून दिला. दहा वाजता पिशवी घेऊन घरी आली. पेशंट गेला की ड्युटी त्याच दिवशी संपते. बावीस दिवसांचे पैसे ब्युरोकडे मागितले तर म्हणे, घरच्यांनी दिले की देतो. आता सुतक असलेल्या घरी पैशासाठी फोन कसा करायचा? आईनं चौदावा दिवस होऊ दिला, मग केला. त्या लोकांनी लगेच दिले, त्यांच्या लक्षातच नव्हतं. पण पुढची ड्युटी लागायला १९ दिवस गेले, त्यांचं काय? त्या १९ दिवसांत आई दोनदा म्हणाली, "आजोबा असते तर." तिला त्यांची आठवण येत होती आणि घरभाडंही द्यायचं होतं. दोन्ही एकदमच.

नाशिक, आयसीयूत जीडीए

मी ठेकेदाराकडून लागलो. स्लिप मिळत नव्हती, पण "पीएफ कापतोय" असं तोंडी सांगायचे. बारावीनंतर जीडीए केलेला, त्यामुळे यूएएन, म्हणजे पीएफचा आपला नंबर, काय ते ठाऊक होतं. मागून मागून घेतला, उमंग ॲपवर पासबुक उघडलं. १४ महिन्यांचे कापलेले, भरलेले ५ महिन्यांचे. आम्ही सहा जणांनी सगळ्यांची पासबुकं काढली, सगळीकडे तेच.

ठेकेदार म्हणाला, भरतो ना. हॉस्पिटलवाले म्हणाले, तुम्ही आमची माणसं नाही. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: ठेकेदारानं पीएफ, ईएसआयसी भरलं नाही तर जिथे काम करतो त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते. कायद्यातच आहे तसं. आम्ही पीएफच्या ऑनलाइन तक्रारीत दोघांचीही नावं टाकली आणि अर्जाची प्रत हॉस्पिटलच्या एचआरला दिली. त्यानंतर पैसे भरले गेले. मला मात्र पुढच्या महिन्यापासून सलग नाइट लावल्या. पाच महिने.

सावंतवाडीची, कामाला गोव्यात

राहायला खोली देतात म्हणून गेले. एका खोलीत पाच जणी, खोलीचे पैसे पगारातून कापलेले, जेवणाचे वेगळे. जायच्या आधी विचारा की सांगितलेला आकडा खोलीचे पैसे कापायच्या आधीचा की नंतरचा.

विदर्भ, शासकीय रुग्णालय

मी कायम कक्षसेवक, २००३ला लागलो. वर्ग ४, एस-१ वेतनश्रेणी, १५,००० ते ४७,६००. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, वर्षाला वाढ. १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागल्यामुळे जुनी पेन्शनही आहे. मला तक्रार नाही, मी दुसऱ्यासाठी लिहितोय. माझ्यासोबत एक कंत्राटी पोरगा आहे. स्ट्रेचरचं एक टोक मी धरतो, दुसरं तो. त्याचा पगार माझ्या निम्म्याच्याही निम्मा, तोही कधी दोन महिन्यांनी एकदम येतो. मागच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. ज्या वॉर्डात तो बेडपॅन नेतो त्याच वॉर्डात ॲडमिट होता, आणि त्याचे खाडे लागत होते.

मुंबई, घरी मावशी ठेवलेली मुलगी

माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. ब्युरोला महिना ३०,००० देत होते. मावशींना त्यातले किती मिळतात हे मी आठ महिने विचारलं नाही. हा धागा वाचून काल विचारलं. २२,०००.

दर रविवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत त्यांना सुट्टी द्यायचं आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं आहे, पैसे न कापता, तेवढा वेळ आम्ही बघू. बँकेत त्यांचा अपघात विमाही काढतेय. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा पंतप्रधान सुरक्षा विमा असतो, आणि इतके दिवस तेवढंही सुचलं नाही याचं वाईट वाटतं. बाकी काय करता येईल, सांगा.

न्यू जर्सी, अमेरिका

मी मूळची इचलकरंजीची. इथे या कामाला सीएनए म्हणतात, सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. काम तुमचंच: स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं, भरवणं, चालवणं. फरक कागदाचा आहे. १९८७च्या केंद्रीय कायद्यानं निदान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आमच्या राज्यात ते ९० तासांचं आहे. मग परीक्षा, आणि राज्याच्या नोंदवहीत नाव. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर ते सर्टिफिकेट जातं.

मी नर्सिंग होममध्ये आहे, तासाला पावणेवीस डॉलर. आठवड्याला ४० तासांच्या वर गेलं की दीडपट. दर ३० तासांच्या कामामागे एक तास पगारी आजारपणाची रजा साठते, वर्षाला ४० तासांपर्यंत. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: दिवसपाळीला एका सीएनएमागे आठच पेशंट, संध्याकाळी थेट काळजी घेणाऱ्या एका कर्मचाऱ्यामागे दहा, रात्री चौदा, असं २०२१पासून राज्याच्या कायद्यातच आहे. पुण्याच्या ताईंनी हॉस्पिटलात किती पेशंट असतात ते लिहिलं नाही, लिहाल का?

इथे पैशांचा पाऊस पडतो असं मात्र समजू नका. आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून जातो, घरभाडं अर्धा पगार खातं, म्हणून निम्म्या जणी दोन ठिकाणी काम करतात. माझ्यासोबत कामाला असलेल्या एकीनं मागच्या आठवड्यात सलग १६ तास केले, आणि घरी जाताना गाडीतच अर्धा तास झोपून मग निघाली.

धागाकर्ती

न्यू जर्सीच्या ताई, आमच्या जनरल वॉर्डात काल रात्री २६ पेशंट होते आणि आम्ही दोघी.

व्यनितून (खासगी निरोपातून) एका मुलीनं विचारलंय, जीडीए केलं की नर्स म्हणून पगार मिळतो का. नाही, बाळा. नर्सचे कोर्स वेगळे, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. जीडीएला ती नोंदणी नसते. तरी "जरा ते इंजेक्शन दे गं" म्हणणारे भेटतील. देऊ नकोस. काही झालं तर अंगावर तुझ्या येईल, पगार मात्र आयाचाच राहील. मी पाच वर्षांत तीनदा नाही म्हटलंय, तिन्ही वेळा सिस्टर चिडल्या.

मुंबईच्या ताई, दोन गोष्टी सुचवते. बाईंना झोपायला पेशंटच्या खोलीत जमिनीवर सतरंजी नको, पलंग द्या. आणि दिवसा सलग तीन तास झोप. रात्री चारदा उठलेल्या बाईच्या हातून औषधाची चूक होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुणे, २४ तासांची ड्युटी

आईला नवीन ड्युटी लागली, सिंहगड रोडला एक आजी आहेत. इथलं वाचून मी एका पानावर लिहून दिलं: पैसे दर सात तारखेला, महिन्यात चार सुट्ट्या, दुपारी दोन ते पाच झोप, आणि पेशंट गेल्यास किंवा हॉस्पिटलात गेल्यास पुढच्या सात दिवसांचे पैसे. ब्युरोवाले म्हणाले, असलं काही नसतं. आजींच्या मुलानं वाचलं, चार सुट्ट्यांच्या तीन केल्या आणि सही केली. पान आईच्या पिशवीत आहे, आधार कार्डाबरोबर.