‘लीगलाइज्ड’ कागदपत्रांना मराठीत काय म्हणावे?

विचारणा (छत्रपती संभाजीनगर):
मी इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करतो. अंबाजोगाईच्या एका परिचारिकेला दुबईतील नोकरीसाठी आलेले सूचनापत्र मी नुकतेच तिच्या वडिलांसाठी मराठीत करून दिले. सर्व प्रमाणपत्रे ‘लीगलाइज्ड’ असावीत, अशी त्यात अट होती आणि मी घाईने ‘कायदेशीर करून घ्यावीत’ असे लिहिले. वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी फोनवर विचारले, ‘‘लेकीचे कागद आजवर बेकायदेशीर होते काय, सर?’’ मी ओशाळलो. ‘वैध करून घ्यावीत’ म्हटले, तरी तोच आरोप मागे उरतो. कृपया योग्य शब्द सुचवावा.

उत्तर (लातूर):
वडिलांचा आक्षेप अर्थाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. या प्रक्रियेत प्रमाणपत्रातील मजकूर खरा की खोटा, हे दूतावास पाहतच नाही. आधी राज्य शासनाचा संबंधित विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाचा दूतावास, अशा क्रमाने प्रत्येक जण आपल्या आधीच्या सहीची आणि शिक्क्याची ओळख पटल्याचे लिहून देतो. म्हणजे ही साक्ष झाली. म्हणून ‘साक्षांकन’ हा शब्द मला नेमका वाटतो.

उत्तर (नांदेड):
‘साक्षांकन’ वाचून ते गृहस्थ झेरॉक्स प्रती घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याकडे जातील. आपल्या पिढीने त्या शब्दाचा अर्थ हिरव्या शाईची सही आणि ‘सत्यप्रत’ असा शिक्का एवढाच जाणला आहे. शासकीय परिभाषेतील ‘अधिप्रमाणन’ वापरावे. आणखी एक खबरदारी अशी, की लोक यालाच अपोस्टिल समजतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराच्या नावातच परदेशी दस्तऐवजांवरील लीगलायझेशनची अट रद्द केल्याचे म्हटले आहे. अपोस्टिल हा त्याऐवजी आलेला एकच दाखला आहे. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि सौदी अरेबियात २०२२ पासून; परंतु संयुक्त अरब अमिराती त्यात नसल्यामुळे दुबईसाठी दूतावासाचा शिक्का लागतोच.

उत्तर (परभणी):
‘अधिप्रमाणन’ हा शब्द मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. माझ्या मुलाची पदवी नेदरलँड्ससाठी पाठवताना एजंट ‘अपोस्टाईल मारून आणतो’ म्हणाला आणि पदवीच्या मागे चौकोनी कागद चिकटून परत आला. त्यावर क्रमांक घातलेल्या दहा ओळी होत्या आणि शीर्षक तेवढे फ्रेंचमध्ये होते. या फ्रेंच शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘पोस्ट इल्ला’, म्हणजे ‘त्या शब्दांनंतर’, असे सांगतात. हे वाचून मला आपले ‘मोर्तब’ आठवले. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उठत असे, पेशवाईत ‘लेखनसीमा’ आली. मजकूर संपल्यावर उठणारी अधिकाराची खूण मराठीत इतकी जुनी असताना नवे संस्कृत जोडशब्द कशासाठी घडवायचे? ‘शिक्कामोर्तब करून आणावे’ हे अंबाजोगाईत कोणालाही कळेल.

उत्तर (बीड):
कळेल, पण शिक्कामोर्तब आता निर्णयावर होते, कागदावर नाही. शिवाय ‘मोर्तब’ अरबी ‘मुरत्तब’वरून फारसीमार्गे आले आहे. परकेच शब्द घ्यायचे असतील, तर ‘अपोस्टिल’ने काय घोडे मारले? मला मात्र साक्ष आणि प्रमाण या आपल्या शब्दांतूनच नवे शब्द घडावेत, असे मनापासून वाटते. शब्द तोंडी बसायला एक पिढी जाते, म्हणून तो घडवूच नये काय?

उत्तर (हिंगोली):
निजामाच्या राज्यात शिकलेले माझे आजोबा यालाच ‘तस्दीक’ म्हणत. त्यांचा शाळेचा दाखला उर्दूत होता आणि पोलीस कारवाईनंतर नोकरीसाठी त्याचा मराठी तर्जुमा करून ‘तस्दीक करून आणा’, असे त्यांना सांगितले गेले. त्यासाठी त्यांना तीन वेळा हेलपाटे पडले. ‘तसदी’ हा शब्द या तस्दिकीवरूनच आला असावा, असे ते म्हणत.

उत्तर (लातूर):
आजोबांचा अनुभव खरा, व्युत्पत्ती मात्र नाही. ‘तस्दीक’मध्ये ‘सिद्क’, म्हणजे सत्य, आहे. ‘सादिक’ हे नाव त्याच धातूचे. ‘तसदी’चे मूळ वेगळे आहे. अरबीत ‘सुदाअ’ म्हणजे डोकेदुखी, आणि दुसऱ्याचे डोके दुखवणे ते ‘तस्दीअ’. मराठीत शेवटचा ध्वनी गळाल्यामुळे दोन्ही शब्द सख्खे वाटतात.

उत्तर (हिंगोली):
आभारी आहे. तरीही मूळ शब्द सोडू नये, असेच मी म्हणेन, कारण ‘तस्दीक’मध्ये कागद खोटा होता असा ध्वनी नाही, तो खरा आहे, एवढेच कोणीतरी सांगतो.

उत्तर (नांदेड):
आमच्या घरी तो शब्द ‘तजदीक’ असा ऐकला आहे, आणि तोही पुल्लिंगी. हिंगोलीकडे ‘तस्दीक केली’ म्हणतात की ‘केला’?