सोसायटी ग्रुप: मॅक्सचे नऊ गुण

सी-७०१: कोणी काही म्हणा, फॉर्म्युला वनचा २०२५ चा खरा चॅम्पियन मॅक्स व्हर्स्टापनच. नॉरिस ४२३ गुण, मॅक्स ४२१. दोन गुणांनी गेलं.

डी-५०२: त्याच वर्षीची बार्सिलोनाची शर्यत आठव.

सी-७०१: आलं का ते परत.

डी-५०२: येणारच. मागच्या गाडीतल्या रसेलला जागा परत दे, असं टीमने मॅक्सला रेडिओवर सांगितलं. साहेबांनी वेग कमी केला, रसेल बाजूने निघाला, आणि यांनी पुन्हा रेस देऊन गाडी त्याच्या अंगावर घातली. दहा सेकंदांचा दंड. पाचवा आलेला माणूस दहावा. दहा गुणांच्या जागी एक. आता तूच वजाबाकी कर.

सी-७०१: पण जागा परत द्यायला सांगणंच चूक होतं! रसेलच आत घुसला होता. डोकं फिरणार नाही तर काय?

ए-२०३ काकू: डोकं फिरू दे की. गाडी कशाला फिरवायची? दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच लिहिलं की हे व्हायला नको होतं. अशिलाने गुन्हा कबूल केलाय, वकील अजून भांडतोय.

डी-५०२: 😂😂

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

सी-७०१: काका, पाचच मिनिटं. काकू, तुम्ही तर आयर्टन सेनाच्या भक्त. जपानच्या सुझुका १९९० बद्दल कधी बोलत नाही तुम्ही.

ए-२०३ काकू: बोलते. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, सेनाची होती, पण ती जागा ट्रॅकच्या धुळीच्या बाजूला. त्याने बदलून मागितली, मिळाली नाही. आदल्या वर्षी तिथेच विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी प्रॉस्टशी टक्कर होऊनही शर्यत जिंकला होता आणि नंतर बाद ठरवला गेला होता, तो राग होताच. सुरुवातीला प्रॉस्ट पुढे निघाला, पहिल्या वळणावर आत वळला, आणि हा हटलाच नाही. दोघंही वाळूत, काही सेकंदांत दोघांची शर्यत संपली आणि गुणांत पुढे असलेला सेना चॅम्पियन. फट दिसली की ड्रायव्हरने घुसायलाच हवं, असं नंतर ठणकावून सांगितलं. पुढच्या वर्षी तिसरं विजेतेपद हातात आल्यावर कबूल केलं की ते ठरवून केलं होतं. आणि हाच माणूस १९९२ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर सरावात कोमास या ड्रायव्हरची गाडी आपटलेली बघून स्वतःची गाडी थांबवतो, चालू ट्रॅकवरून पळत जातो, बेशुद्ध कोमासच्या गाडीचं इंजिन बंद करतो. हे दोन्ही एकाच माणसाने केलं. मला अजून जुळवता आलेलं नाही. फोटो भिंतीवर आहे, पण ती शर्यत मी लावत नाही.

सी-७०१: म्हणजे सेनाला माफी, मॅक्सला फाशी.

ए-२०३ काकू: माफी कुठे दिली?

बी-१०४ आजोबा: मॉस. पोर्तुगाल १९५८.

सी-७०१: आजोबा, जरा विस्ताराने?

बी-१०४ आजोबा: टायपायला वेळ लागतो, थांब. हॉथॉर्नची गाडी शेवटी गिरकी घेऊन बंद पडली. ती सुरू करताना तो उलट दिशेला गेला असा आरोप. दुसरा नंबर जाणार होता. मॉस शर्यत जिंकलेला, विजेतेपदासाठी झुंज याच हॉथॉर्नशी. तो आपणहून स्टुअर्डांकडे, म्हणजे शर्यतीच्या पंचांकडे गेला आणि म्हणाला, मी पाहिलंय, गाडी ट्रॅकवर नव्हती, पदपथावर होती. हॉथॉर्नचा नंबर राहिला. वर्षअखेर हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसने जिंकलेल्या शर्यती चार, हॉथॉर्नने एक. मॉस जन्मात चॅम्पियन झाला नाही.

डी-५०२: 🙏

सी-७०१: आदर आहेच आजोबा. पण तेव्हा गाडीत पट्टासुद्धा नसायचा. चाकाला चाक लागलं की गाडी उडालीच. सगळे जिवाच्या भीतीने सभ्य होते. आता कार्बन फायबर आहे, डोक्यावर हेलोचं संरक्षक कडं आहे. धक्का परवडतो म्हणून मारतात.

बी-१०४ आजोबा: धक्क्याचं पटलं. पण मॉस स्टुअर्डांसमोर उभा होता तेव्हा गाडीतून उतरलेला होता. तिथे कोणाच्या जिवाला धोका होता?

(इथे सी-७०१ बराच वेळ टाइप करत होता. काहीच आलं नाही.)

डी-५०२: मला विचाराल तर निम्मा दोष नियमांचा. आतून ओव्हरटेक करताना वळणाच्या टोकाशी, म्हणजे सगळ्यात आतल्या बिंदूशी, तुझं पुढचं चाक त्याच्या आरशाशी असलं की जागा तुझी. मग काय, ब्रेक उशिरा मारा, टोक आधी गाठा, पुढे गाडी वळो न वळो. मेक्सिकोत २०२४ ला मॅक्सने नॉरिसला एकाच फेरीत दोनदा बाहेर काढलं. दहा अधिक दहा, वीस सेकंदांचा दंड.

ए-२०३ काकू: नियम मापतो तेवढंच जपायचं, हे कधीपासून? फ्रान्समधली दिजोंची १९७९ ची शर्यत बघा रे कोणीतरी. जाबुय पुढे निघून गेलेला, त्याच्याकडे कॅमेऱ्याचंही लक्ष नाही. मागे व्हिलनव्ह आणि आर्नू दुसऱ्या नंबरसाठी चाकाला चाक घासत, बाहेर जात, परत येत. मॅक्सपेक्षा सभ्य नव्हतं ते काही. पण प्रत्येकाला खात्री होती की समोरचा आपल्याला गाडीभर जागा सोडेल. त्या भरवशावर दोघं इतके जोरात भिडू शकले. उतरल्यावर हसत होते. सुझुकाला प्रॉस्ट वळला तो याच भरवशावर.

डी-५०२: आणि १९९७ ला हेरेजमध्ये शूमाकरने ज्याला धडक दिली तो याच व्हिलनव्हचा मुलगा. शूमाकर वाळूत अडकला, मुलगा चॅम्पियन झाला, शूमाकरचं त्या वर्षीचं दुसरं स्थानही काढून घेतलं.

सी-७०१: बरं. रसेलवाली चूक मान्य. पण नऊ गुणांचा हिशेब करू नका, बाकीच्या तेवीस शर्यतीही होत्या.

ए-२०३ काकू: तेवढं मान्य.

सेक्रेटरी: आता कृपया थांबा. ती दिजोंची क्लिप ग्रुपवर टाकू नये.

सेक्रेटरी: मला पर्सनलवर पाठवा.